डागनिदान

कपड्यावर दिसतो, पण पडताना कोणीच पाहिलेला नसतो, तो गूढ डाग. आमटीची वाटी चारचौघांच्या देखत मांडीवर उपडी झाली तर तिथे शोधण्यासारखे काही उरत नाही, फक्त धुण्यासारखे उरते. गूढ डाग मात्र कपाटातून कपडा काढताना किंवा दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या करताना सापडतो. पुष्कळदा तो कार्यालयाच्या दारात तिऱ्हाइताच्या तोंडूनच कळतो. "तुमच्या पाठीला काहीतरी लागलंय," हे वाक्य मराठीत कळवळ्याने उच्चारले जाते, पण बोलणाऱ्याला मनातून झालेला आनंद अगदीच लपत नाही.

मराठीत डाग हा शब्द ऐसपैस आहे. अडीअडचणीला सराफाकडे मोडायला नेतात तो दागिना डाग, गुरांना तापल्या लोखंडाने देतात तो डाग, आणि घराण्याच्या नावाला लागतो तोही डागच. या सगळ्यांत शर्टावरचा डाग सर्वांत स्वस्त. तरी घरात सर्वाधिक चौकशी त्याचीच होते.

ही चौकशी बहुतेक घरांत उलट्या टोकाने सुरू होते. पहिला प्रश्न असतो, "हे कोणी केलं?" दुसरा, "कितीदा सांगितलं होतं?" आणि मुळात हे आहे काय, हा प्रश्न विचारलाच गेला तर सर्वांत शेवटी. अडचण अशी की पहिल्या प्रश्नाचे उत्तर डागाला ठाऊक नसते. आपण कशाचे, कुठले आणि साधारण कधीचे, इतकेच तो सांगू शकतो, तेही नीट विचारले तर. म्हणून आधी जागा पाहावी, मग आकार, वास आणि रंग, आणि आरोपीकडे अगदी शेवटी वळावे, असा क्रम आहे. व्यवहारात आरोपी आधीच ठरलेला असतो. तो म्हणजे घरातले सर्वांत धाकटे मूल. मूल मोठे होऊन परगावी गेले असेल तर नवरा.

जागेइतका बोलका पुरावा दुसरा नाही. शर्टाच्या खिशाच्या तळाशी निळे वर्तुळ असेल तर पेनाचे टोपण हरवले आहे. खांद्यावर, किंचित पाठीकडे, वाळलेला पांढरट ओघळ असेल तर घरात तान्हे मूल आहे आणि दूध पाजल्यावर ढेकर काढायला त्याला खांद्यावर घेतले होते. असा शर्ट घातलेला गृहस्थ दिवसभर कचेरीत ऐटीत वावरतो आणि त्याला कोणी काही सांगत नाही. पँटच्या उजव्या पायाला घोट्याजवळ काळे तेलकट दात उमटले असतील तर सायकल, कारण साखळी उजव्या अंगाला असते. पोटऱ्यांच्या मागे चिखलाचे शिंतोडे असतील तर रबरी चप्पल. ती टाचेला आपटते आणि पावसाळ्यातला रस्ता मालकाच्याच अंगावर उडवते. शिंतोड्यांची रांग पाठीच्या कण्यावरून थेट मानेपर्यंत चढली असेल तर सायकलला मागचे मडगार्ड नाही. साडीच्या पदराचे निदान मात्र कोणी करू नये. हात, घाम, मुलाचे नाक, गरम पातेल्याचे काठ आणि प्रसंगी डोळे, एवढे सगळे ज्याने पुसले जाते त्यावरचा डाग हा पुरावा नव्हे, ती रोजनिशी आहे.

जागेच्या प्रकरणातली सर्वांत छळणारी खूण डाग नसून भोक आहे. टी-शर्टाच्या पुढच्या बाजूला, बेंबीच्या थोडे खाली, टाचणीच्या डोक्याएवढी दोन-तीन भोके पडतात. मागच्या बाजूला एकही नसते. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या जातात, वॉशिंग मशीनवर संशय घेतला जातो, दुकानदाराला दोष दिला जातो. उत्तर बहुधा स्वयंपाकघरात उभे असते. भांडी घासताना माणूस ओट्याला टेकतो. मग ओट्याची दगडी कड आणि जीन्सचे धातूचे बटण यांच्यामध्ये पातळ विणीचे कापड रोज रगडले जाते आणि एक दिवस त्याचा एखादा टाका सुटतो. कसरीने खाल्ले असते तर तिने नेमकी बेंबीच कशाला निवडली असती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या घरात बायकोच्या टी-शर्टांना अशी भोके आहेत आणि नवऱ्याच्या एकाही टी-शर्टाला नाहीत, तिथे निदान करणाऱ्याने भोकांविषयीच बोलावे, पुढे जाऊ नये.

रंगाच्या बाबतीत पहिला मान हळदीचा. हळदीतले रंगद्रव्य कुरकुमिन. ते १८१५ साली प्रथम वेगळे काढले गेले, पण महाराष्ट्रातल्या शर्टांना त्याचा परिचय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि तेलात चांगले विरघळते. म्हणूनच मिसळीच्या तर्रीचा एक थेंब जे करतो ते वाटीभर वरणालाही साधत नाही. त्याचा खरा चमत्कार धुताना दिसतो. फिकट पिवळ्या, जवळजवळ नजरेआड झालेल्या डागावर साबण लावला की तो डोळ्यांदेखत लालभडक होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरतो. शर्टाच्या मालकाला बोलावून कुठे लागले, कोणाशी मारामारी झाली, हे विचारले जाते, आणि न झालेल्या मारामारीबद्दल तो काही सांगू शकत नाही, यामुळे संशय बळावतो. प्रत्यक्षात कुरकुमिन आम्लात पिवळे राहते आणि अल्कात तांबडे होते, एवढीच गोष्ट आहे. हळदीला चुन्यासारखे अल्क देऊन कुंकू करतात तेही याच गुणावर. म्हणजे धुण्याच्या दगडावर नकळत चिमूटभर कुंकूच तयार होत असते. लिंबाचा थेंब टाकला की रंग पुन्हा पिवळा होतो आणि मारामारीचा आरोप मागे घ्यावा लागतो. पिवळ्यावर उपाय ऊन. कुरकुमिन उजेडात टिकत नाही. साबणाने जे चार धुण्यांत होत नाही ते दोन दुपारच्या उन्हांत होते.

आंब्याचा डाग आंब्याचा मोसम संपल्याशिवाय जात नाही, असे जुन्या बायका सांगतात. या सिद्धांताला आजवर कोणी खोटे पाडलेले नाही, कारण तेवढ्या दोन महिन्यांत कपडा पंधरा-वीस वेळा धुतला गेलेला असतो आणि तितक्याच वेळा वैशाखाच्या उन्हात वाळलेला असतो. आमरसाचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड जातीचा असल्याने तोही उन्हाने फिका पडतो. श्रेय मात्र मोसमाला जाते. जांभळाची तऱ्हा निराळी. त्याचा जांभळा रंग साबणाच्या पाण्यात निळसर-हिरवट होतो, त्यामुळे एका डागाची चौकशी चालू असतानाच दुसराच डाग हजर होतो.

तांबूस-तपकिरी डाग पाहिला की मनात सर्वांत वाईट शंका येते. रक्त, गंज, पानाची पिंक आणि फळाचा रस वाळल्यावर एकमेकांसारखेच दिसतात. हा घोटाळा इतका जुना आहे की १८८७ साली शेरलॉक होम्स वाचकांसमोर पहिल्यांदा आला तो रक्ताचा डाग ओळखण्याची नवी कसोटी सापडल्याच्या आनंदात. खऱ्या जगात शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८६३ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड रक्तावर फेसाळते हे या कामी वापरले होते, आणि रक्त माणसाचे की जनावराचे हे सांगणारी उलेनहूटची चाचणी १९०१ मध्ये आली. घरात इतक्या खोलात जावे लागत नाही. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवल्यावर डाग विरू लागला तर गंज. त्याचा आकार आकडीसारखा आणि जागा मानेमागे असेल तर शर्ट खिळ्याला टांगला होता. पानाची पिंक ओळखायला रसायन लागत नाही. बसच्या खिडक्या कुठल्या बाजूला होत्या एवढे आठवले की पुरते. रक्ताची शंका असली तर गरम पाणी लावू नये. अंड्यासारखे तेही उष्णतेने गोठते आणि धाग्यात कायमचे बसते. गरम पाणी आधी ओतून मग शंका काढण्याची पद्धत सर्वत्र आहे.

काही डाग उशिरा उगवतात, आणि निदान खरे अवघड जाते ते इथे. शहाळ्याचे पाणी सांडते तेव्हा पाण्यासारखेच दिसते. कपडा वाळतो, घडी होते, आठवड्याने उघडतो तो तपकिरी नकाशा घेऊन. केळीचा चीक याहून वाईट. केळफूल सोलताना किंवा केळीची पाने काढताना उडालेला चीक प्रथम रंगहीन असतो, हवा लागली की काळवंडतो आणि मग कपड्याबरोबरच जातो. कोकणात आणि गोव्यात काजूच्या बोंडूचा रस हेच करतो. तिकडे बागेत जायचे कपडे वेगळे ठेवतात. लग्नाच्या पंगतीत सांडलेला जिलबीचा पाक वाळल्यावर दिसत नाही. इस्त्री फिरली की साखर करपते आणि दोष इस्त्रीवाल्याच्या माथी बसतो. अशा वेळी डाग सापडण्याची तारीख आणि पडण्याची तारीख यांत पंधरवडा गेलेला असतो, पण शिक्षा मात्र सापडण्याच्या दिवशी जो समोर असेल त्याला होते.

उशिरा उगवणाऱ्यांचा मेरुमणी म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. रविवारी सकाळी घरचा कर्ता पुरुष तिच्यात पाणी घालतो. दोन थेंब पँटवर उडतात, त्यांचा रंग नाही, वास नाही, जळजळ नाही. पण ते सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. त्यातले पाणी उडून जाते, आम्ल मागे राहून तीव्र होते आणि सुती धागा आतून कुजवते. कापड तरीही शाबूत दिसते. पहिल्या धुण्यात भोक पडते. त्यामुळे पुरुषांच्या मते ही भोके साबणाने पडतात, आणि मोलकरणीच्या मते साहेबांनी.

वरून पडणाऱ्या डागांत कावळा आणि कबूतर यांचा निकाल लगेच लागतो. वटवाघळाचाही, कारण त्याच्या जांभळट ओघळात वडाउंबराच्या बिया असतात. गूढ असतात ते पिवळे ठिपके. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर, गाड्यांच्या काचांवर, तुळशीच्या पानांवर मोहरीएवढे, किंचित लांबट, चिकट पिवळे ठिपके एकाएकी दिसतात. आकाश निरभ्र असते. वरच्या मजल्यावरच्यांना जाब विचारला जातो. शेजारच्या इमारतीतल्या रंगकामाकडे बोट दाखवले जाते.

या ठिपक्यांवरून महासत्तांतही जुंपली. १३ सप्टेंबर १९८१ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पश्चिम बर्लिनमधल्या भाषणात आग्नेय आशियात बुरशीजन्य विषे वापरली जात असल्याचे जाहीर केले, आणि रोख सोव्हिएत गोटाकडे होता. लाओसमधून पळून आलेल्या ह्मोंग निर्वासितांनी आकाशातून पिवळा पाऊस पडल्याचे सांगितले होते आणि ठिपके असलेली पाने पुरावा म्हणून आणली होती. त्या लोकांचे हाल खरे होते, त्यात विनोद काही नाही. विनोद सुरू होतो प्रयोगशाळेत. ठिपके तपासले तर ते परागकणांनी भरलेले निघाले. घरात अशा वेळी आधी ठरलेला आरोपी सोडून दिला जात नाही, तसेच इथे झाले. विष श्वासात नीट जावे म्हणून शत्रूने त्यात मुद्दाम पराग मिसळले, असे स्पष्टीकरण अमेरिकी अधिकाऱ्यांनी दिले. हार्वर्डचे मॅथ्यू मेसलसन, मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग साधा प्रश्न विचारला की हे आहे काय. परागकणांतले प्रथिन पचून गेलेले होते आणि नुसती टरफले उरली होती. कोणीतरी ते खाल्ले होते. पिवळे ठिपके ही मधमाश्यांची विष्ठा होती. १९८४ मध्ये हे संशोधक थायलंडला गेले आणि तिथे उभे असताना त्यांच्या अंगावरच असा पिवळा पाऊस पडला. शास्त्रात इतकी थेट पुष्टी क्वचितच मिळते. चीनमध्ये १९७६ साली च्यांगसू प्रांतातल्या अशाच पावसाचा उलगडा तिथल्या शास्त्रज्ञांनी आधीच करून ठेवला होता. अमेरिकेने आपला आरोप औपचारिकपणे मागे घेतलेला नाही. घरांतही तो घेतला जात नाही.

ही माशी महाराष्ट्राला परकी नाही. कड्यांना, पाण्याच्या टाक्यांना, उंच इमारतींच्या सज्जांना जिचे आग्या मोहोळ लटकते तीच ती. पोळ्यातल्या शेकडो माश्या एकाच वेळी बाहेर पडून उंचावर हा विधी उरकतात. खालून माश्या दिसत नाहीत, आवाज येत नाही, फक्त धुणे दिसते. २००२ मध्ये पश्चिम बंगालमधल्या संग्रामपूर गावात हिरवट-पिवळ्या पावसाने रासायनिक हल्ल्याची घबराट उडाली होती; तिथेही अखेर माश्याच निघाल्या. त्याच्या आदल्या वर्षी, २५ जुलै २००१ पासून काही आठवडे, केरळात कोट्टायम भागात लाल पाऊस पडला आणि बाहेर वाळणारे कपडे गुलाबी झाले. उल्का फुटल्याचे सांगितले गेले, परग्रहावरच्या जीवांपर्यंत मजल गेली. सरकारी तपासात ते ट्रेंटेपोलिया नावाच्या शेवाळाचे बीजाणू ठरले. हे शेवाळ त्याच भागातल्या झाडांच्या सालींवर वाढते. म्हणजे डाग शेजारचाच होता.

काही खुणा मुद्दाम केलेल्या असतात. कॉलरच्या आतल्या बाजूला किंवा धोतराच्या कोपऱ्यात काळ्या टिंबांची आणि रेघांची अगम्य लिपी दिसली तर ती परिटाची. बिब्ब्याचा रस सुईने कापडावर लावून त्यावर चुना दिला की काळीभोर खूण उठते, आणि ती धुतल्याने जात नाही. शेकडो घरांचे पांढरे धोतर एकाच भट्टीत उकळून ज्याचे त्याला परीटघडीसह परत जायचे ते या लिपीच्या जोरावर. ही लिपी शाळेत शिकवली जात नसे, पण पोलिसांना तिचे मोल ठाऊक होते. बेवारस प्रेताची ओळख किंवा टाकून दिलेल्या शर्टाचा मालक धोब्याच्या खुणेवरून लागत असे. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर नेमक्या खुणेच्या जागी खाजरे फोड उठू लागले. डॉक्टरांनी त्या विकाराला धोब्याचेच नाव दिले. मराठी माणसाला यात नवे काही वाटले नसते. चालत्या कामात बिब्बा घालणे म्हणजे काय, हे भाषेने आधीच सांगून ठेवले आहे.

मुद्दाम नाही, पण धुण्यातच लागलेले डाग तर फार. नीट न विरघळलेल्या निळीचे ठिपके सर्वांना ओळखता येतात. जुन्या काळी नीळ म्हणून काही ठिकाणी प्रशियन ब्लू वापरत. तो लोहाचा क्षार. कपड्यात सोडा राहिला की त्याचा निळा रंग तुटतो आणि गंजाचे पिवळे ठिपके मागे राहतात. पांढरेपणासाठी घातलेल्या निळीने कपडा पिवळा पडला की उपाय म्हणून आणखी नीळ घातली जाई. बोअरवेलच्या पाण्याचा प्रकार याच जातीचा. पाण्यात विरघळलेले लोह दिसत नाही. ब्लीच ओतले की त्याचा गंज होतो. जितके ब्लीच जास्त तितके शर्ट पिवळे. काखेतल्या पिवळ्या डागाचा दोष घामाला देतात, पण त्यात घाम अडवण्यासाठी फासलेल्या पदार्थातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांचा वाटा मोठा असतो. रंगीत टॉवेलवर आणि उशीच्या अभ्र्यावर केशरी-फिके चट्टे उमटत असतील तर घरात वयात आलेले मूल आहे. मुरुमांच्या मलमातले बेन्झॉइल पेरॉक्साइड चेहऱ्याला किती उपयोगी पडते हा वेगळा विषय, टॉवेलचा रंग ते नक्की उडवते. आणि काठाशी करपलेले, बारीक वाटोळे भोक म्हणजे कोळशाच्या इस्त्रीतून उडालेली ठिणगी.

किड्यांविषयी थोडक्यात सांगता येते. लोकर आणि रेशीम खाते ती पतंगाची अळी. पतंगाला मारून उपयोग नसतो, त्याचे खाऊन झालेले असते. चंदेरी, माशासारखी सरपटणारी कसर खळ दिलेल्या सुती कपड्यावर येते. चादरीच्या शिवणीशी दाट काळे ठिपके असतील आणि ओल्या बोळ्याने पुसल्यावर ते तांबूस पसरत असतील तर ढेकूण. हे निदान पाहुण्यांसमोर मोठ्याने सांगू नये. काळ्या लेंडीला पांढरे टोक असेल तर पाल. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या कपड्यांवर मिऱ्यांची पूड शिंपडल्यासारखे दिसते ती बुरशी. ती कोणी केली, असे विचारले असता जुलै महिन्याकडे बोट दाखवावे लागते.

इतके करूनही काही डाग उरतात. ते कशाचे हे कळत नाही, आणि धुवूनही जात नाहीत. अशा कपड्याचा प्रवास ठरलेला आहे. प्रथम तो बाहेर घालायचा बंद होऊन घरात घालायचा होतो. मग रंगपंचमीसाठी बाजूला ठेवला जातो, आणि त्या दिवसानंतर मूळ डाग कुठला होता हे खुद्द डागालाही सांगता येत नाही. पुढे शर्ट असेल तर बटणे काढून गाडी पुसायला जातो, साडी किंवा धोतर असेल तर गोधडीत. गोधडी शिवताना वरचा आणि खालचा पदर चांगल्या साडीचा निवडतात, आणि डाग पडलेले सगळे तुकडे मधल्या थरात घालून चारही बाजूंनी धावदोरा घालतात.